तीन टक्के महिना म्हणून घेतलेलं लोन आणि त्याचा खरा भाव

इन्स्टंट लोनची ॲप सरळ बंद करून टाका असं एकजण म्हणतो, दुसरा म्हणतो सरकारने मध्ये पडूच नये, मोठी माणसं आहेत, ज्याला परवडेल तो घेईल नाहीतर सोडेल. हे भांडण मी खूप वेळा ऐकलंय आणि दोन्हीकडून बोलणारे बहुतेक पगारदार असतात, म्हणजे एक तारखेला ज्यांच्या अकाउंटला पैसे पडतात असे. मी रत्नागिरीला मिरकरवाडा बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. गेल्या पावसाळ्यात असं एक लोन घेतलं, फेडलं, नंतर त्याच्यावर तक्रार केली आणि ती रिझर्व्ह बँकेच्या लोकपालापर्यंत, म्हणजे बँका-कंपन्यांवरच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत नेली, तर तो सगळा अनुभव इथे लिहितोय, आकड्यांसकट.

आधी आमच्या धंद्याचं सांगतो नाहीतर लोन का घेतलं ते कळणार नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी वर ओढून शाकारून ठेवतात, खलाशी गावी जातात, आणि आमचं काम तेव्हाच जोरात असतं कारण इंजिन पूर्ण खोलायला मालकाला दुसरा टाईम मिळत नाही. लायनर पिस्टन बदलणं, इंजेक्टर, वॉटर पंप, गिअरबॉक्स, सगळं या दोन महिन्यांत उरकायचं. पण मालकाच्या हातात पैसा कधी येणार तर बोट पाण्यात उतरून दोनचार फेऱ्या मारून आल्यावर. कागदावर सीझन १ ऑगस्टला चालू होतो पण दर्याला खवळलेपण असतं तोपर्यंत कोण बाहेर जात नाही, आमच्याकडे नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्यावरच खरी सुरुवात. म्हणजे काम जूनमध्ये, पैसे ऑगस्टच्या शेवटी, आणि स्पेअर पार्टवाला शेठ मात्र रोख मागतो कारण त्यालाही मुंबईवरून माल रोखीनेच येतो. यात कोणाचीच लबाडी नाही, पैसा फिरायची चालच तशी आहे.

जुलैमध्ये एका ट्रॉलरचं इंजिन खोलून ठेवलेलं, पार्ट हवे होते, नाखवा म्हणजे बोटीचा मालक म्हणाला अर्धे देतो बाकीचे तू घाल, सीझन चालू झाला की पहिले तुझे. तेरा-चौदा हजार कमी पडत होते. आता माझ्यापुढे काय काय होतं ते बघा, कारण "चॉईस" हा शब्द सगळे वापरतात पण चॉईस म्हणजे त्या दिवशी त्या माणसाला कुठली दारं उघडी होती ते बघायला लागतं.

पतपेढीत गेलो. साहेब ओळखीचे, चहा पाजला, पण दोन जामीनदार पाहिजेत त्यातला एक पगारदार, मग कमिटीच्या मीटिंगला प्रकरण ठेवणार, मीटिंग महिन्याच्या शेवटी. व्याज अगदी वाजवी होतं पण पैसे मिळेपर्यंत इंजिन उघडंच राहिलं असतं. सोनं तारण ठेवायचं तर बायकोचे दागिने जूनमध्येच मुलीच्या ॲडमिशनला ठेवलेले. बायकोच्या बचत गटात महिना दोन टक्क्यांनी मिळतं आणि ते व्याजही परत गटातच जातं, त्याच्याइतकं चांगलं काही नाही, पण जून-जुलैमध्ये शाळा आणि शेतीमुळे गटाचा सगळा पैसा बायकांनी आधीच उचललेला असतो. राहिला बंदरावरचा एक माणूस जो दहा टक्क्यांनी देतो. महिना दहा. पहिल्या महिन्याचं व्याज कापून घेतो, चिठ्ठी नाही पाटी नाही, आणि हप्ता चुकला तर मासळीच्या लिलावाच्या जागी सगळ्यांसमोर येऊन उभा राहतो.

आणि मोबाईलवर ॲप. पंधरा हजार, "फक्त ३ टक्के महिना", दहा मिनिटांत अकाउंटला. आधार, पॅन, सेल्फी, दोन ओळखीच्यांचे नंबर. ते मी घेतलं. गरज खरी होती, पैसे येणार होते हेही खरं होतं, आणि दहा टक्क्यांपेक्षा तीन टक्के कमी हे कोणीही सांगेल.

अकाउंटला आले १३,०००. प्रोसेसिंग फी १,५००, त्याच्यावर १८ टक्के जीएसटी २७०, आणि विमा म्हणून २३०. तीस दिवसांनी भरायचे १५,४५०. म्हणजे हातात आलेल्या तेरा हजारांवर तीस दिवसांचे २,४५० झाले. टक्केवारी काढलीत तर जवळजवळ एकोणीस टक्के महिना, वर्षाची सव्वादोनशेच्या वर. म्हणजे तो बंदरावरचा बिनपरवाना माणूस, ज्याला आम्ही सगळे नावं ठेवतो, तो याच्यापेक्षा स्वस्त पडला असता! हे मला पैसे अकाउंटला पडल्यावर कळलं कारण कापणार किती ते तोपर्यंत स्क्रीनवर एका ठिकाणी दिसलंच नव्हतं. ईमेल नंतर आली इंग्रजीत, पंधरा-सोळा पानांची पीडीएफ, त्यात मध्येच कुठेतरी की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे लोनचा सगळा खर्च एका जागी मांडलेला कागद, आणि त्यात वार्षिक दर बरोबर लिहिलेला. आकडा लपवलेला नव्हता, फक्त मला दाखवला तो सही झाल्यावर.

तीस दिवसांनी दर्या काय शांत झाला नाही. नाखव्याची बोट उतरली पण आत गेली नाही. ॲपमध्ये मोठं बटण आलं, "मुदत वाढवा", २,१०० भरा आणि अजून तीस दिवस घ्या. भरले. दुसऱ्या दिवशी बघतो तर देणं तेवढंच, १५,४५०. ते एकवीसशे मुद्दलाला लागलेच नाहीत. एका संध्याकाळी बसून हिशोब केला, असंच वाढवत सहा महिने गेलो असतो तर पहिले २,४५० आणि पाच वेळा २,१०० मिळून १२,९५० होतात, म्हणजे हातात आले तेवढे तर खर्चापायीच गेले असते आणि डोक्यावर मूळ लोन जसंच्या तसं. अमेरिकेत पेडे लोन म्हणतात, पुढच्या पगारापर्यंत घेतात ते, त्याचं हेच आहे. तिकडे शंभर डॉलरला दोन आठवड्यांचे साधारण पंधरा डॉलर घेतात, ऐकायला काहीच वाटत नाही पण वर्षाचा दर ३९० टक्क्यांच्या आसपास जातो, आणि तिकडचीही खरी तक्रार पहिल्या लोनची नाहीच, ते पगाराच्या दिवशी फिटत नाही म्हणून पुन्हा पुन्हा घ्यायला लागतं त्याची आहे.

दुसऱ्या मुदतीलाही काही दिवस उशीर झाला आणि फोन चालू झाले. माझ्यावर आले त्याचं मला काही नाही, देणं लागत होतो. पण एका सकाळी पार्टवाल्या शेठचा फोन, "काय रे, तुझ्या नावाने कोण बाई बोलत होती, म्हणे तू पैसे बुडवलेस, मी जामीन आहे का विचारत होती." त्याचा नंबर मी ओळख म्हणून दिलेला. गुहागरच्या मामाला तर रात्री नऊनंतर फोन. मामा सत्तरीचा, त्याला वाटलं मला पोलिसांनी धरलंय. शेठकडे माझी पंधरा वर्षांची पत आहे, कधीकधी तो हजार-दोन हजाराचा माल वहीवर देतो, आणि त्या एका फोननंतर त्याने वही बंद केली. तोंडाने काही बोलला नाही पण पुढच्या वेळी "आधी पैसे टाक मग नोझल काढतो" म्हणाला. कर्जाचा खर्च मोजताना हा कोण मोजतो?

नाखव्याचे पैसे आले तसे १५,४५० भरून टाकले. ॲप मागत होतं १७ हजारांच्या वर, लेट फी आणि रोजचा दंड धरून. तो जास्तीचा मी भरला नाही, आणि का भरत नाही ते लिहून कळवलं.

आता तक्रारीचं, कारण हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पहिली गोष्ट, ॲप म्हणजे लोन देणारा नाही. ॲप मधला दलाल, पैसे असतात मागच्या बँकेचे नाहीतर फायनान्स कंपनीचे, जिला एनबीएफसी म्हणतात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल लोनचे नियम काढले आणि मे २०२५ मध्ये ते एकत्र करून नव्याने आणले, त्यात स्पष्ट आहे की पैसे कंपनीच्या अकाउंटमधून सरळ तुमच्या अकाउंटला आले पाहिजेत आणि परतही सरळ तिथेच गेले पाहिजेत, ॲपने तुमची कॉन्टॅक्ट लिस्ट, फोटो, कॉल लॉग याला हात लावायचा नाही, आणि की फॅक्ट स्टेटमेंट करार व्हायच्या आधी द्यायचं, सगळे चार्ज धरून काढलेल्या वार्षिक दरासकट. ते कर्ज घेणाऱ्याला कळेल अशा भाषेत पाहिजे. त्यात न लिहिलेला चार्ज तुमच्या स्पष्ट परवानगीशिवाय लावता येत नाही. घेतल्यावर एक छोटी मुदत असते, किमान एक दिवस, त्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च देऊन दंडाशिवाय बाहेर पडता येतं. वसुलीवाल्याने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही. हे सगळं मला आमच्या वाडीतल्या एका मुलीने शोधून दिलं, सीएचे क्लास करते, तिने पीडीएफमधून एनबीएफसीचं नाव काढलं आणि ती रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली आहे का तेही बघून दिलं. नोंदलेली होती, म्हणून पुढचा रस्ता होता.

ज्यांची नोंदच नसते त्यांचं वेगळं. साखरतरच्या एका पोराने सात दिवसांच्या ॲपवरून घेतलेले, परत भरायचे कोणा माणसाच्या यूपीआयवर, कंपनीचं नाव कुठेच नाही, आणि त्याचे फोटो बदलून नातेवाईकांना पाठवले. तिथे लोकपाल काही करू शकत नाही, तिथे सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन आणि पोलिस. २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कमिटीने मोजली तेव्हा अकराशेच्या आसपास लोन ॲप सापडली होती आणि त्यातली सहाशेच्या आसपास बेकायदेशीर. निम्म्याहून जास्त. आता नोंदणीकृत कंपन्यांच्या ॲपची यादी रिझर्व्ह बँकेच्या साईटवर आहे, घेण्याआधी तिच्यात नाव बघा एवढं तरी माझं ऐका.

माझं पहिलं पत्र कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला, ईमेलने, मराठीत. उत्तर आलं, "करारानुसार चार्ज लावले आहेत, आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद." कंपनीला तीस दिवस द्यायला लागतात, त्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या तक्रारींच्या सीएमएस पोर्टलवर लोकपालाकडे तक्रार टाकता येते, फी काही नाही, वकील लागत नाही, आणि १४४४८ ला फोन करून विचारता येतं. फॉर्म भरायला एक संध्याकाळ गेली. बँक स्टेटमेंट, कॉल आलेले स्क्रीनशॉट, कंपनीचं उत्तर. त्या मुलीने एक गोष्ट बरोबर पकडली जी माझ्या ध्यानात आली नसती. पैसे जमा झाल्याचा बँकेचा एसएमएस आणि की फॅक्ट स्टेटमेंटची ईमेल, दोन्हीचे टाईम शेजारी शेजारी ठेवले. एसएमएस दुपारी ३ वाजून १२ मिनिटांचा. ईमेल ३ वाजून ४० मिनिटांची. भाव आधी सांगायचा असा नियम आणि यांनी माल गळ्यात घालून अर्ध्या तासाने सांगितला, बाकी युक्तिवाद करायची गरजच नाही.

मग बराच काळ काही नाही. स्टेटस तेच. मग कंपनीकडून एक जण फोनवर, अगदी गोड बोलणारा, तक्रार मागे घ्या दंड माफ करतो म्हणाला. मी म्हणलं लेखी पाठवा, आणि एकवीसशेचं काय, आणि मामाला फोन केला त्याचं काय. शेवटी लोकपालाच्या ऑफिसमधून विचारणा गेल्यावर तडजोड झाली. दंड आणि लेट फी रद्द, मुदतवाढीचे २,१०० परत, "गुडविल" म्हणून, चूक कुठे कबूल नाही. विम्याचे २३० गेले ते गेलेच कारण त्याला ओटीपी दिलेला निघाला. नो ड्यूज लेटर मिळालं आणि क्रेडिट रिपोर्टवरची थकबाकीची नोंद काढायचं कबूल केलं, ती खरंच निघाली का ते मी रिपोर्ट काढून बघितलं, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. फोनबद्दल एक ओळ, संबंधित एजंटला समज दिली आहे. मामाला कोणी माफी मागितली नाही.

गणपतीला मुंबईवरून चुलतभाऊ आलेला, तो एका फायनान्स कंपनीत आहे, आरती झाल्यावर ओटीवर बसून आमचं खूप वेळ चाललं. तो म्हणाला, दादा, तुला त्या दिवशी पैसे दिले कोणी, पतपेढीने? बँकेने? ॲपनेच दिले ना. व्याजावर मर्यादा घातली की छोटी लोन द्यायला कोणी राहणारच नाही, आणि तू जाणार परत त्या बंदरावरच्या माणसाकडे. मला हे खोटं म्हणता येत नाही. महाराष्ट्राचा सावकारी कायदा २०१४ चा, परवाना असलेल्या सावकाराला शेतकरी नसलेल्या माणसाकडून विनातारण जास्तीत जास्त १८ टक्के वर्षाला घेता येतात, तारण असेल तर १५. पंधरा हजारावर महिन्याचे २२५ रुपये झाले. तेवढ्यासाठी माझ्यासारख्याच्या मागे कोण फिरेल, म्हणून बंदरावर परवान्याचा सावकार विनातारण देताना मी तरी बघितला नाही, जो देतो तो बिनपरवाना दहा टक्क्यांनी देतो. २०१० मध्ये आंध्रात मायक्रोफायनान्सवर, म्हणजे गरीब बायकांना दिल्या जाणाऱ्या छोट्या कर्जांवर, सरकारने कडक कायदा आणला, वसुलीचा जाच खरा होता, आत्महत्या झाल्या होत्या, पण त्यानंतर वसुली थांबली आणि बायकांना नवीन कर्ज मिळणंही थांबलं. भावाने हे सगळं सांगितलं आणि ते बरोबर आहे.

पण मी त्याला विचारलं की सावकाराला १८ टक्क्यांची मर्यादा आणि तुमच्या कंपनीला किती? त्याच्याकडे आकडा नव्हता कारण आकडाच नाही. सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सांगितलंय की रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालच्या एनबीएफसींना राज्यांचे सावकारी कायदे लागत नाहीत. रिझर्व्ह बँक म्हणते दर अवाजवी नको, कंपनीच्या बोर्डाने धोरण ठरवावं. म्हणजे मर्यादा एकाला इतकी खाली की तो दिसेनासा झाला, आणि दुसऱ्याला नाहीच.

आणि मधला रस्ता नाही असं थोडंच आहे. इंग्लंडने २०१५ पासून पेडे लोनला मर्यादा घातली, दिवसाला ०.८ टक्के, चुकलं तर दंड एकदाच १५ पौंड, आणि व्याज-फी-दंड सगळं धरून मूळ रकमेच्या वर जायचं नाही. म्हणजे दुपटीच्या वर वसुली नाही. अरे हे तर आपलं दामदुपट! आपल्या जुन्या व्यवहारात हाच नियम होता, व्याज मुद्दलाच्या वर जाऊ शकत नाही, आणि २०१४ च्या सावकारी कायद्यातही तो आहे. १८७५ मध्ये सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले आणि चार वर्षांनी इंग्रजांना दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करायला लागला, तेव्हापासून आपल्या लोकांना माहीत आहे की कर्जाला कुठेतरी शेवट पाहिजे. तो ॲपच्या लोनला का नको, मला याचं उत्तर कोणीतरी द्या.

भाऊ म्हणाला मग तू नियमाच्या बाजूने का निवडीच्या? मी म्हणलं आमच्या बंदरावर लिलाव होतो तो बघ, पापलेटची टोपली सगळ्यांसमोर ठेवतात, भाव मोठ्याने पुकारतात, मग कोणाला महाग वाटला तरी घ्यायचा असेल तो घेतो. त्याला निवड म्हणतात. मला जर ३ टक्क्यांच्या जागी "हातात १३,०००, तीस दिवसांनी १५,४५०" एवढी एक ओळ मराठीत, बटण दाबायच्या आधी दिसली असती तर मी बहुतेक पतपेढीच्या मीटिंगपर्यंत इंजिन उघडं ठेवलं असतं, किंवा कदाचित घेतलंही असतं, पण ते माझं ठरवणं असतं. बंदी नको म्हणतो मी. रुपयांतली एक ओळ, दुपटीच्या वर काही नाही, मुदत वाढवली तर पैसे मुद्दलातून कमी झालेच पाहिजेत, आणि ओळखीच्या माणसांना फोन केला तर कंपनीला असा दंड की पुन्हा हिंमत होणार नाही. यातलं निम्मं आजही नियमात आहे, फक्त ते मिळवायला माझ्यासारख्याला सीएचे क्लास करणारी शेजारीण लागते.

डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने बिनानोंदणी कर्ज देणाऱ्यांवर बंदीच्या कायद्याचा मसुदा काढला, सात वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे त्यात. त्या सात दिवसांच्या ॲपवाल्यांना तो लागला पाहिजेच. पण ते दार बंद केल्यावर जुलैमध्ये खोललेल्या इंजिनाला पैसे कुठून येणार हे कुठल्याच मसुद्यात नाही.

म्हणून मी आमच्या पतपेढीत अर्ज दिलाय. बंदरावर काम करणाऱ्यांसाठी, मेकॅनिक, जाळी विणणारे, बर्फवाले, जून ते सप्टेंबर एवढंच, वीस हजारापर्यंत, जामीनदार म्हणून पगारदाराऐवजी ज्याच्या बोटीचं काम चाललंय तो नाखवा चालेल, आणि मंजुरी मीटिंगची वाट न बघता. दोन नाखव्यांनी अर्जावर सही केलीय. व्याज पतपेढीने दीड टक्का महिना लावलं तरी आम्हाला चालेल असं त्यात लिहिलंय, तेरा हजाराला महिन्याचे १९५ रुपये होतात. साहेब म्हणाले वार्षिक सभेत विषय ठेवू, तोपर्यंत अजून दहा-बारा सभासदांच्या सह्या आण. त्या गोळा करतोय, बंदरावर कोणाला करायची असेल तर दुपारनंतर मी जेटीजवळच असतो.